पोर्शे 928 : उघड्या डोळ्यांनी झोपणारी गाडी

नेकरकाठचा

मंडळी, गाड्यांवरचा धागा बऱ्याच दिवसांत आला नाही, म्हणून मीच काढतोय. मी श्टुटगार्टजवळ राहतो. नोकरी ब्रेकच्या सुट्या भागांची, म्हणजे गाडी हा पोटापाण्याचाच विषय. पण पोटासाठीच्या गाड्या वेगळ्या आणि ही वेगळी.

ऑफिसात आमचे एक ज्येष्ठ सहकारी आहेत, निवृत्तीला सहा महिने उरलेत. त्यांच्याकडे 1979 ची पोर्शे 928 आहे. फिकट हिरवा मेटॅलिक रंग, साडेचार लिटरचं व्ही-8 इंजिन, 240 अश्वशक्ती, हाताचे पाच गियर. इकडे तीस वर्षं ओलांडलेल्या आणि मूळ रूपात राखलेल्या गाडीच्या नंबरप्लेटवर शेवटी ‘एच’ हे अक्षर मिळतं. बुवा ते अक्षर पदकासारखं मिरवतात. मागच्या शनिवारी त्यांनी विचारलं, हात काळे करायची तयारी आहे का? गेलो.

पहिलं काम काय मिळालं असेल? हेडलाइटवरचे किडे पुसायचं! एरवी वर येणारे दिवे असलेल्या गाड्यांत दिवा मिटला की झाकणाखाली गडप होतो. इथे झाकणच नाही. बंद असताना दोन्ही गोल दिवे बॉनेटच्या दोन अंगांना आकाशाकडे तोंड करून उताणे पडलेले असतात. ऊन, पाऊस, पक्ष्यांचा प्रसाद, सगळं थेट काचेवर. बटण दाबलं की पुढून एक मोटर कण्हते आणि दोघे एकदम उठून बसतात. दोघांना मिळून मोटर एकच, मधून आडवा दांडा. ती रुसली तर बॉनेट उघडून हाताने गुंडी फिरवून डोळे उघडायची सोय आहे.

मग आत बसलो. स्टिअरिंग जरा वर होतं म्हणून खटका ओढून खाली घेतलं, तर त्याच्याबरोबर स्पीडोमीटर, टॅकोमीटर, पेट्रोलचा काटा, सगळा डबाच्या डबा खाली आला. मी दचकून हात काढला. वाटलं, गेली! पंचेचाळीस वर्षांची गाडी आपल्या हातून मोडली. बुवा बाहेर उभे राहून हसत होते. त्यांनी हे बहुधा प्रत्येक पाहुण्यावर करून बघितलेलं असावं.

अजून सांगतो. मागच्या दोन सीटांवर धड माणूस बसत नाही, पण त्यांच्यासाठी स्वतंत्र सन व्हायजर आहेत. ग्लोव्हबॉक्सला एसीची थंड हवा जाते. फ्यूज आणि रिले कुठे, तर शेजारच्या सीटवाल्याच्या पायाखाली, गालिच्याच्या फळीमागे. बॅटरी मागे, डिकीच्या तळाशी. पुढची काच धुवायला एक नेहमीची टाकी आणि शिवाय तेलकट थर काढणाऱ्या खास द्रावणाची दुसरी छोटी टाकी.

आणि गियर. पहिला गियर डावीकडे *खाली*. त्याच्या वर, म्हणजे आपला हात सवयीने जिथे पहिला शोधतो तिथे, रिव्हर्स. दुसरा-तिसरा एका सरळ रेषेत, चौथा-पाचवा त्यापुढच्या. बुवांनी गल्लीत चालवायला दिली. कोपऱ्यावर थांबलो, मागे एक बाई सायकलवर. मी सवयीने डावीकडे वर टाकला आणि क्लच सोडायला लागलो. गाडी जेमतेम वीतभर मागे सरकली असेल. बाई काही बोलल्या नाहीत, नुसत्या बघत राहिल्या. जर्मन माणूस नुसता बघतो ना, त्यापेक्षा शिव्या परवडल्या.

तर प्रश्न असा, की हे सगळे निव्वळ नखरे, की यामागे काही हिशोब आहे? मला वाटतं हिशोब आहे. पण आधी तुमचं ऐकू. फोटो रात्री चढवतो.

घाटवळण

वा नेकाशेठ, वाचनखूण साठवली. सायकलवाल्या बाईंना आमचा नमस्कार.

उताणे दिवे म्हटल्यावर लँबोर्गिनी मिउरा आठवली, 1966 ची. तिचेही असेच उघडे. त्यांच्याभोवती काळ्या पापण्या होत्या आणि खुद्द दिवे फियाट 850 स्पायडरचे उचललेले, असं वाचलंय. म्हणजे पोर्शेने उचलेगिरी केली म्हणायची का?

दुसरं, गियरची ती रचना वेड्यासारखी नाही. शर्यतीत पहिला गियर फक्त सुटताना लागतो. पुढे सगळा खेळ दुसरा-तिसरा, दुसरा-तिसरा. ते समोरासमोर असले की हात सरळ पुढे-मागे जातो. घाटात हेच तर करतो आपण. पण रोज सिग्नलला थांबणाऱ्या माणसाला ते तापदायक, हे मान्य.

शंकासुर

फार कौतुक चाललंय. मला तरी ही गाडी म्हणजे इंजिनियरांनी ग्राहकाच्या पैशावर केलेली हौस वाटते. दिवा झाकायला एक पत्रा लावला असता तर काय बिघडलं असतं? आणि मागच्या सीटवर माणूस मावत नाही तर त्याच्या डोळ्यांवर ऊन येतं की नाही याची काळजी कशाला?

शिवाय खरा पोर्शे म्हणजे 911. इंजिन मागे, विषय संपला. 928 ला तिच्या काळात लोकांनी नाक मुरडलं ते उगाच नाही.

नेकरकाठचा

@घाटवळण, उचलेगिरी म्हणवत नाही. गाडीचा आकार वोल्फगांग म्योबियस यांचा, आणि त्यांच्यावर डिझाइन विभागाचे प्रमुख अनातोल लापीन. हे लापीन जन्माने रिगाचे, पण जनरल मोटर्समध्ये घडलेले. मिउरा त्यांनी पाहिली नसेल असं कोण म्हणेल? पण मिउरात दिवा अर्धवट पडून असतो आणि थोडासाच उठतो. 928 मध्ये तो चांगला ताठ उभा राहतो, बेडकासारखा.

झाकण का नाही, यावर माझं मत सांगतो. झाकण म्हटलं की कड आली, रबर आलं, फट आली, आणि थंडीत त्या फटीत बर्फ धरला की दिवा वर येईना. जानेवारीत सकाळी साडेसहाला खरवडणी घेऊन काच साफ केलेल्या माणसाला हे पटेल. दुसरं, इथे महामार्गावर डावी मार्गिका मागायची तर डिपर द्यावा लागतो. दर वेळी मोटर कण्हून डोळे उठणार असतील तर पुढचा गावाला पोचेल. म्हणून 928 त डिपरचं काम पुढच्या बंपरमधले खालचे दिवे करतात आणि वरचे आरामात पडून राहतात. हे मला फारच हुशारीचं वाटलं.

@शंकासुर, तुम्ही 911 चं नाव काढलंत ते बरं झालं. सगळ्या तऱ्हेवाईकपणाचं मूळ तिथेच आहे. ही गाडी 911 ला निवृत्त करायला जन्माला घातलेली होती.

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला पोर्शेचा कारभार एर्न्स्ट फुअरमान यांच्याकडे आला. हे स्वतः इंजिनांचे जाणकार. पन्नासच्या दशकातलं चार कॅमशाफ्टचं प्रसिद्ध इंजिन त्यांचंच. त्यांना दिसत होतं की अमेरिकेत धडक, धूर आणि आवाज यांचे नियम कडक होत चाललेत. हवेने थंड होणारं, मागे लटकलेलं इंजिन किती दिवस पुरणार? म्हणून पाटी कोरी केली. इंजिन पुढे, पाण्याने थंड होणारं, व्ही-8. गियरबॉक्स मागे, म्हणजे वजन पुढे-मागे जवळजवळ निम्मं-निम्मं. पहिल्या चाचण्यांत हे सगळं मर्सिडीज 350 एसएल आणि औडी 100 कूपेच्या कातड्याखाली लपवून पळवत होते.

मार्च 1977 मध्ये जिनिव्हाला गाडी दाखवली आणि पुढच्याच वर्षी, 1978 ची, ‘युरोपातली वर्षातली उत्तम गाडी’ ठरली. हा मान सहसा घरगुती, सालस गाड्यांना मिळतो. त्या यादीत ही भारदस्त व्ही-8 म्हणजे सोज्वळ सुनांच्या रांगेत एखादी घोड्यावरून आलेली सून.

आता सांगा, ज्याला वाटतं की आपण पुढच्या वीस वर्षांची गाडी बनवतोय, तो प्रत्येक गोष्ट पुन्हा पहिल्यापासून विचारणारच ना? स्टिअरिंग खाली घेतलं तर त्याची कड मीटरवर का यावी? तर मीटरही खाली घ्या. नखरा नव्हे, हट्ट आहे.

चावीवाले अण्णा

रामराम मंडळी. चाळीस वर्सं गॅरेज चालवलं कोल्हापुरात, उद्यमनगरात. आता पोरगा बघतोय. पोर्शे काय आमच्याकडं आली न्हाई, पण इंजिन सगळ्याला एकच कळतं.

नेकासाहेब, मला दिवं-बिवं नको. इंजिन सांगा. कुणीतरी म्हणलं की ह्या गाडीच्या ब्लॉकला स्लीव्हच न्हाई, म्हंजी सिलिंडरात लोखंडी नळीच न्हाई, नुसता अॅल्युमिनियम. मग पिस्टन खातंय कसं न्हाई? आमच्याकडं अॅल्युमिनियमचं हेड जरी तापलं तरी वाकडं हुतंय. त्यात रिंग घासायला लागली तर दोन म्हयन्यात धूर.

आणि रिबोअर करायचं झालं तर काय करत्यात? आमची बोअरिंग मशीन चालंल का?

नेकरकाठचा

अण्णा, रामराम. तुमचा प्रश्न सगळ्यांत भारी आहे, म्हणून जरा सविस्तर.

नुसता अॅल्युमिनियम नाही तो. त्यात सुमारे 17 टक्के सिलिकॉन मिसळलेलं असतं. ओतीव काम थंड होताना त्या सिलिकॉनचे बारीक, कडक खडे धातूत सगळीकडे पसरून राहतात. सिलिंडरचं भोक पाडून झालं की आतल्या भिंतीवरचा मऊ अॅल्युमिनियम किंचित, अगदी नावापुरता, खरवडून किंवा आम्लाने उतरवतात. मग खडे वर उठून राहतात. पिस्टनच्या रिंगा घासतात त्या त्या खड्यांच्या माथ्यांवर, आणि मधल्या खोलगट जागांत तेल साठून राहतं. आपल्या पाट्याला टाकी लावतात ना, तसंच काहीसं समजा. फक्त इथे उद्देश वाटण्याचा नाही, न वाटण्याचा.

पिस्टनही अॅल्युमिनियमचे. तेव्हा अॅल्युमिनियमवर अॅल्युमिनियम घासू नये म्हणून पिस्टनच्या अंगावर लोखंडाचा पातळ मुलामा दिलेला असतो. लोखंडी स्लीव्ह वाचली, वजन वाचलं, आणि ब्लॉक-पिस्टन सारखेच तापतात, सारखेच फुगतात.

रिबोअर म्हणाल तर नेहमीच्या पद्धतीने भोक वाढवून, होन मारून भागत नाही. शेवटी पुन्हा ते खडे उघडे करावे लागतात, त्याचं खास काम असतं. नाहीतर स्लीव्ह घालायची. ज्याला हे माहीत नाही अशा माणसाच्या हातात ब्लॉक गेला की त्याची माती.

चावीवाले अण्णा

पाट्याला टाकी! आता समजलं. आमच्या वस्तीत टाकीवाली वडारीण यायची, तिला दाखवायला पायजे हे इंजिन.

टायमिंगला बेल्ट हाय का चेन?

नेकरकाठचा

बेल्ट, अण्णा, आणि चांगला लांबलचक. दोन्ही बाजूंचे, व्हॉल्व्ह उघडणारे कॅम फिरवतो आणि जाता जाता वॉटरपंपही. म्हणजे पंपाचं बेअरिंग अडकलं तर बेल्टचंही बारावं. सुदैवाने बुवांच्या साडेचार लिटरच्या इंजिनात बेल्ट तुटला तरी व्हॉल्व्ह पिस्टनला जाऊन भिडत नाहीत. नंतरच्या 32 व्हॉल्व्हच्या इंजिनांत मात्र भिडतात, आणि मग घर विकायचं की गाडी, एवढाच प्रश्न उरतो.

मृण्मयी

मी कापडाच्या डिझाइनमधली, इंजिनातलं ओ की ठो कळत नाही. पण 928 म्हटलं की मला गाडी नाही, तिचं *कापड* आठवतं. पाशा! नेकरकाठचा, त्या गाडीत पाशा आहे का? असेल तर जवळून फोटो टाका, प्लीज.

ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी: काळ्या-पांढऱ्या चौकटींचा पट, पण सगळ्या चौकटी सारख्या नाहीत. काही रुंद, काही दबलेल्या, ओळीने आकसत जाणाऱ्या आणि पुन्हा फुगणाऱ्या. बुद्धिबळाचा पट पाण्याखाली ठेवून वरून बघितला तर दिसेल तसं. सपाट कापड असून डोळ्यांना उंचवटे दिसतात. साठच्या दशकात डोळ्यांना चकवणाऱ्या चित्रांची जी लाट होती, ती थेट सीटवर येऊन बसली. आणि शोरूममधली एखादी गंमत म्हणून नव्हे, गिऱ्हाइकाला मागवता येईल अशी.

त्या काळच्या महागड्या गाड्या आठवा: चामडं, लाकूड, क्रोम. म्हणजे क्लबातली बैठक. आणि इथे एका कंपनीने श्रीमंत माणसाला सांगितलं की बस या भ्रमिष्ट पटावर. मला तो धीटपणा आवडतो. शंकासुरांना आवडणार नाही, माहीत आहे.

शंकासुर

मृण्मयीताई, चुकलात. कापड आवडलं! निदान ते बिघडत तरी नाही.

नेकरकाठचा

@मृण्मयी, आहे! पाशाच आहे. ड्रायव्हरच्या सीटची डावी कड, जिथे चढता-उतरता मांडी घासते, तिथे काळ्याचा करडा झालाय. बुवांच्या बायकोने एकदा तिथे रफू केलंय. पण चौकट जुळवताना अर्धा धागा चुकला, आणि ते त्या दोघांतलं कायमचं भांडण आहे. फोटोत उजेड पाडून दाखवतो.

एक अजून सांगतो, तुम्हाला आवडेल. डॅशबोर्ड दाराशी संपत नाही. त्याची रेघ वळून दारांच्या आतल्या अस्तरात शिरते. दार लावलं की आपण खोबणीत बसलोय असं वाटतं. बुवा त्याला अंघोळीचं टब म्हणतात.

खादाडखाऊ

अवांतर: गोव्यात बनायची ती सॅन स्टॉर्म आठवते का कुणाला? फायबरची बॉडी, दोन सीट, पुढे रेनोचं छोटं इंजिन. कॉलेजात असताना पणजीत मांडवीच्या काठाने एक लाल जाताना बघितली होती. आम्ही तिघे एका स्कूटरवर. तिच्या मागे मिरामारपर्यंत गेलो, मग पेट्रोल संपलं.

चालू द्या तुमचं.

मिशिगनकर

उशिरा आलो. मी डेट्रॉइटच्या बाहेर राहतो, बंपर आणि धडक-चाचणी हाच माझा रोजगार. त्यामुळे ज्याबद्दल कुणी बोललं नाही ते बोलतो: 928 ला बंपर दिसतच नाही.

सत्तरच्या दशकात अमेरिकेने नियम केला, की ताशी 5 मैलांच्या धडकेत दिवे आणि सुरक्षेचे भाग शाबूत राहिले पाहिजेत. बहुतेक युरोपियन कंपन्यांनी त्यावर सोपा उपाय काढला. सुंदर गाडीच्या तोंडावर रेल्वेच्या रुळासारखा एक दांडा ठोकला, मध्ये काळी रबरी घडी. त्या काळच्या अमेरिकेतल्या मर्सिडीज किंवा एमजी बघा, शिंगं लावल्यासारख्या दिसतात. 928 मध्ये गाडीच्या नाकाची आणि पाठीची सगळी कातडीच लवचीक पॉलियुरेथेनची, बॉडीच्या रंगात रंगवलेली, आणि धक्का झेलणारा अॅल्युमिनियमचा आडवा भाग तिच्या मागे लपवलेला. आज प्रत्येक हॅचबॅक अशी असते म्हणून आपल्याला काही वाटत नाही. 1977 मध्ये लोक विचारायचे, बंपर लावायला विसरलात का?

यातली खरी गोम रंगाची आहे. दारं, पुढचे मडगार्ड आणि बॉनेट अॅल्युमिनियमचे, बाकीचा सांगाडा गॅल्व्हनाइज्ड पोलादाचा, पुढे-मागे लवचीक प्लास्टिक. तीन पदार्थ, तिन्हींवर रंग वेगळा बसतो, प्लास्टिकवरचा तर वाकला तरी तडकता कामा नये. एकच छटा तिन्हीवर आणायची म्हणजे रंगवाल्याची परीक्षा. जुनी 928 उन्हात बाजूने बघा. नाक आणि मडगार्ड यांच्या सांध्यावर छटा किंचित बदललेली दिसली तर समजा, कधीतरी नाक रंगवलंय.

आणि अण्णांसाठी: माझ्या ओळखीतल्या एकाकडे ऑटोमॅटिक आहे, तिथे इंजिनची एक वेगळीच जपणूक करावी लागते. इंजिन पुढे, गियरबॉक्स मागे. मधून एका जाड नळीतून अंगठ्याएवढा बारीक शाफ्ट जातो आणि तो इंजिनच्याच वेगाने फिरतो. पुढच्या टोकाला तो एका चिमट्यासारख्या पकडीत आवळलेला असतो. वर्षानुवर्षं ताण खाऊन शाफ्ट त्या पकडीत केसभर सरकतो आणि पुढची पातळ चकती फुगवून धरतो. ती चकती क्रँकशाफ्टला सतत एका दिशेला रेटत राहते, आणि ज्याला क्रँकचा थ्रस्ट बेअरिंग म्हणतात तो झिजतो. पुढे क्रँकच ब्लॉकला खरवडायला लागतो. आणि ब्लॉक कसला, ते तुम्ही वर वाचलंच. म्हणून जाणते मालक अधूनमधून तो एक बोल्ट सैल करतात, चकतीला श्वास सोडू देतात, आणि पुन्हा आवळतात. काम अर्ध्या तासाचं. न केलं तर इंजिनाचं.

चावीवाले अण्णा

एका बोल्टावर इंजिन. ह्येला म्हणत्यात डिझाइन! पण त्यो बोल्ट सैल केल्यावर चकती *टुक्* करून मागं येत असंल, न्हाई? त्यो आवाज ऐकायला पायजे.

मिशिगनकर

येतो, अण्णा. चकती फुगलेली असली तर अगदी तसाच आवाज येतो. तुम्ही न बघता सांगितलंत, साष्टांग.

घाटवळण

मला मागच्या चाकांबद्दल विचारायचंय. ‘वाइसाख अॅक्सल’ असं काहीतरी नाव आहे. वैशाखाशी संबंध असेल तर धाग्याला उन्हाळ्याचं निमित्त मिळेल.

नेकरकाठचा

हाहा, नाही. वाइसाख हे श्टुटगार्टच्या पश्चिमेचं छोटं गाव. पोर्शेची चाचणी आणि संशोधनाची सगळी जागा तिथे. नंतर कुणीतरी त्या नावाच्या अक्षरांतून लांबलचक जर्मन तांत्रिक वाक्यही बनवलं. पण आधी गाव, मग वाक्य.

मला विचाराल तर अख्ख्या गाडीतली सगळ्यांत सुंदर तऱ्हा हीच, आणि ती दिसतच नाही. वळणात वेग जास्त झाला की नवशिका काय करतो? घाबरून अॅक्सिलरेटरवरचा पाय काढतो. वजन पुढे जातं, मागची चाकं हलकी होतात. इंजिनच्या ब्रेकिंगमुळे मागची चाकं बॉडीच्या मानाने मागे ओढली जातात आणि सांध्यांतलं रबर दबून बाहेरचं चाक बाहेरच्या दिशेला तोंड फिरवतं. झालं, शेपूट सुटलं. जुन्या 911 ची हीच ख्याती होती, शंकासुर. मागे लटकलेलं इंजिन आणि घाबरलेला पाय, की गाडी आलेल्या रस्त्याकडे तोंड करून उभी.

यांनी काय केलं, रबर दबणार आहे तर दबू दे, पण दबून चाक कुठे वळेल ते आपण ठरवू. खालच्या आर्मचं पुढचं टोक एका छोट्या झुलत्या दुव्यावर टांगलं. पाय काढला, चाक मागे ओढलं गेलं, की तो दुवा झुलतो आणि चाक बाहेर न वळता किंचित *आत* वळतं. गाडी आपोआप सावरते. त्यात ना सेन्सर, ना पंप, ना वायर. चूक जिथून होते तिथूनच दुरुस्ती. आंबोलीच्या घाटात आमच्या वडिलांचा पाय असाच उचलला गेला, तेव्हा त्यांना अशी गाडी हवी होती. फियाटने त्या दिवशी आम्हाला गवतात नेलं.

शंकासुर

हे पटलं. बाकीचं अर्धं पटलं. पण मग एवढी शहाणी गाडी 911 ला का संपवू शकली नाही, ते सांगा आणि मी गप्प बसतो.

नेकरकाठचा

कारण गिऱ्हाईक. फुअरमान पद सोडून गेल्यावर 1981 मध्ये पीटर शुट्झ आले. बर्लिनमध्ये जन्मलेले, अमेरिकेत वाढलेले. त्यांनी स्वतःच पुढे सांगितलेला किस्सा आहे. हेल्मुट बोट म्हणजे संशोधनाचे प्रमुख. त्यांच्या खोलीत भिंतीवर तक्ता होता, कुठली गाडी किती वर्षं चालणार याचा. 928 आणि पोर्शेच्याच 944 च्या रेघा लांब पुढे गेलेल्या, 911 ची 1981 च्या शेवटाशी थांबलेली. शुट्झनी मार्कर उचलला आणि 911 ची रेघ तक्त्याच्या बाहेर, भिंतीवरून, दाराकडे ओढत नेली. बोटना काय ते कळलं.

928 ला त्यामुळे कोणी मारलं नाही, ती आपल्या वाटेने वाढत गेली. 4.7 लिटर झालं, मग 5, शेवटी 5.4 लिटर आणि 350 अश्वशक्ती. 1984 मध्ये संस्थापकांचे चिरंजीव फेरी पोर्शे यांना पंचाहत्तरीला कंपनीने भेट काय दिली? तर लांबवलेली 928, मागे माणसं नीट बसतील अशी. 1995 ला ती बंद झाली. अठरा वर्षांत 61 हजारांच्या आसपास बनल्या. आणि जिला घरी बसवायचं होतं ती 911 आजही श्टुटगार्टमधल्या त्याच झुफनहाउजनच्या कारखान्यातून रोज बाहेर पडते.

शंकासुर

गप्प बसतो. (पण मागच्या सीटचे व्हायजर अजूनही अनाकलनीय.)

मृण्मयी

लहान मुलांसाठी असतील हो. त्यांच्या डोळ्यांवर ऊन येत नाही का?

नेकरकाठचा

मृण्मयी, अगदी! काल बुवांना विचारलं. त्यांच्या दोन मुली त्या सीटांवर बसून इटलीच्या समुद्रापर्यंत जायच्या. आल्प्स उतरताना पाठीमागून ऊन थेट मानेवर, मग व्हायजर मागच्या काचेवर खाली. ग्लोव्हबॉक्समध्ये चॉकलेट, वितळायचं नाही. एका व्हायजरच्या आतल्या बाजूला बॉलपेनने काढलेला मासा अजून आहे. पुसू दिलेला नाही.

फोटो चढवलेत वर. पाशाचे तीन, रफूचा एक, अण्णांसाठी बेल्टचं कव्हर काढून दोन.

आणि हो, काल संध्याकाळी परत चालवायला मिळाली. यावेळी पहिला गियर पहिल्यांदाच बरोबर लागला. अंधारून आलं तसं बटण दाबलं. बाहेरच्याला ते डोळे उघडताना दिसतात. आत बसलेल्याला मात्र काचेतून दिसतात ते दोन गोल कुबडांसारखे, आपल्याकडे पाठ करून हळूच उठून बसलेले. डाव्यावर एक किडा चिकटलेला होता. मी शनिवारी पुसलेला होता तोच दिवा.